बावन्न खोबण्या

बसण्याआधी बाकड्याला विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. परळला आमच्या गिरणीच्या फाटकासमोर चहाचं दुकान होतं. पाळी सुटली की आम्ही सगळे मिळेल तिथे बूड टेकायचो. हे मात्र आधी उभे राहायचे. बोटांची पेरं वाकवून बाकड्यावर तीनदा टकटक करायचे, मान कलती करून ऐकायचे, मग "धरतंय" म्हणायचे आणि बसायचे. एखाद्या दिवशी "नाही धरत" म्हणायचे आणि उभ्यानेच चहा प्यायचे. बाकडं तेच, कालचंच. आम्ही पोट धरून हसायचो. तोंडावर त्यांना मामा म्हणायचो, पाठीमागे टकटकमामा.

एकदा त्यांनी "नाही धरत" म्हटलेल्या बाकड्यावर आमच्यातला एक जाडा गडी मुद्दाम धपकन बसला. तुम्हाला वाटेल बाकडं मोडलं. तसलं काही झालं नाही. आम्ही टाळ्या पिटल्या. मामा शांतपणे म्हणाले, आज धरलं, उद्या परत विचारीन. असा माणूस. चिडवून चिडवून आपणच दमायचो.

मी साचेखात्यात, म्हणजे मागावर. मामा रिंग खात्यात, सूत काढायच्या कामाला. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मागाचं काम त्यांना आमच्याइतकंच कळायचं, मागाच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचे, पण साचेखात्यात त्यांना कोणी घेतलं नाही. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नळीत, सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागे. माझ्या पाळीतला धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. मग मामांच्या जातीच्या माणसाचं तोंड त्याला कसं लागू द्यायचं? एवढंच कारण. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कोणी मोडतही नव्हतं. मामा निवृत्त होईपर्यंत रिंग खात्यातच राहिले.

काम करताना त्यांचे ओठ सारखे हलत असायचे. खात्यात तो गोंगाट, नाकातोंडात कापसाचा धुरळा, आणि मामा तुटलेले धागे जोडत पुटपुटत पुढे चाललेत. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, घरातला देव्हारा काढून टाकला, तरी पुटपुटणं चालूच. तेव्हा मी त्यांना छेडलं, की मामा, देव सोडले आणि मंत्र तेवढा ठेवलात होय? त्यावर ते म्हणाले, "मंत्र नाही रे. वाट आहे."

ती वाट निसणगडाची. कर्जतच्या पुढे डोंगरांच्या दाटीत एक सुळका उभा आहे, त्याच्या माथ्यावर हा गड. पेशवाई बुडाली त्या साली गोऱ्यांनी सुरुंग लावून त्याच्या पायऱ्या उडवल्या आणि गड वरच्या वर अधांतरी राहिला. मामांचे पूर्वज त्या गडाचे मेटकरी, म्हणजे कड्याखाली वस्ती करून पहारा देणारे. पायऱ्या गेल्या, किल्लेदार गेला, पहारा द्यायचा तो कोणासाठी तेही उरलं नाही, तरी ही माणसं तिथून हलली नाहीत. वर पाण्याचं टाकं होतं आणि गावाची देवी होती. एका हिवाळ्यात त्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन त्या उघड्या कड्यात खोबण्या खोदल्या, पायाचा चवडा जेमतेम मावेल एवढ्या. मोजून बावन्न. कुठली डाव्या पायाची, कुठली उजव्या हाताची, कुठे श्वास घ्यायचा, कुठे खाली बघायचं नाही, सगळं पाठ केलं आणि पोरांकडून पाठ करून घेतलं. कागद नाही, नकाशा नाही. इतकी वर्षं ती वाट नुसती तोंडात राहिली होती, आणि त्या तोंडाला आमच्या खात्यात धोटा वर्ज्य होता.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते भिंतीच्या प्रकरणानंतर. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. दोन दिवसांआड मोर्चा, घसे बसलेले. एका दुपारी धावपळ उडाली, मागे अश्रुधूर, आणि आम्ही तीस-चाळीस माणसं परळच्या एका बोळात शिरलो. बोळ पुढे बंद. एका गोदामाची दोन पुरुष उंच भिंत. त्यात आमच्या जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, म्हातारी आई होती, तिला सगळे आये म्हणत. मोर्च्याला यायची तिला भारी हौस. डोळ्यांतून पाणी, श्वास अडकलेला, मला वाटलं आता चेंगरून मरणार. तेवढ्यात मामा भिंतीवर दिसले. कसे चढले ते मला आजही सांगता येणार नाही. वर घोड्यावर बसल्यासारखे बसले आणि एकेकाला सांगायला लागले. डावा पाय, गुडघ्याजवळ वीट गेलीय तिथे. उजवा हात वितभर वर. आता श्वास घे. आम्ही चढलो. आयेला त्यांनी हाताला धरून वर खेचलं आणि पलीकडे पिंपावर अलगद उतरवलं. सगळे पार झाल्यावर त्यांचे तळहात पाहिले, सोलून निघाले होते. त्यावर चिंध्या बांधून ते दुसऱ्या पाळीला हजर झाले. त्या दिवसापासून मी त्यांना टकटकमामा म्हणणं सोडलं.

त्यांच्या घराण्याकडे एक मान होता. मान कसला, वेठ. वर्षातून एकदा, चैत्रात, ते खोबण्यांनी वर जायचे, टाक्यातला गाळ उपसून टाकं लख्ख करायचे आणि वरून बांबूची लांब निसण, म्हणजे शिडी, खाली सोडायचे. मग गाव त्या निसणीने वर यायचं, देवीची पूजा करायचं, टाक्याचं पाणी प्यायचं. मामांची माणसं तेवढा वेळ कड्याच्या टोकाला पाठ करून बसायची. त्यांनी पाणी प्यायचं नाही. तांब्याएवढ्या भोपळ्यात खालून आणलेलं घोटभर पाणी तेवढं त्यांचं. उपसायचं आपण आणि प्यायचं त्यांनी, असं त्यांचा बाप म्हणायचा. दीक्षा घेतली तेव्हा मामांनी शपथ घेतली, की आता टाकं उपसणार नाही आणि निसण लावणार नाही. त्यानंतर चार वर्षं ते गडावर गेले नव्हते. नुसती वाट म्हणत होते.

आणि मग राज्य व्हायचं ठरलं. लालबागला आमच्या मंडळाची बैठक बसली. एक मेच्या सकाळी मोठा समारंभ करायचा आणि गडागडांवरचं पाणी कलशात आणून त्याची पूजा करायची, अशी टूम निघाली. सगळ्यांनी ऐकलेल्या गडांची नावं झाली. तेव्हा माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, निसणगडाचं आणा, तिथे दीडशे वर्षांत परका माणूस स्वतःच्या पायाने चढलेला नाही. झालं. जॉबर आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मामांना बोलावणं धाडलं.

मामा आले. बाकड्यावर बसा म्हटलं तर टकटक केली, ऐकलं, "नाही धरत" म्हणाले आणि उभेच राहिले. जॉबर गोड बोलले. मामा वाट दाखवतील, ते जाणते आहेत, कलश मात्र ह्या जवान पोराच्या पाठीवर राहील, पाणीही तोच भरेल, म्हणजे मामांना त्रास नको. जवान पोरगा म्हणजे मी. त्रास कसला ते सगळ्यांना कळत होतं. सगळे चटईच्या काड्या मोजत बसले. माझी जीभ, जी मघाशी एवढी चालली होती, ती टाळूला चिकटली. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, निसण लावणार नाही, यायचं तर आमच्या वाटेने यावं लागेल. आणि वर पाणी असेल की नाही ते बघावं लागेल. हे शेवटचं वाक्य कोणी ऐकलं नाही. गडावर टाकं म्हटलं की त्यात पाणी असणारच. ते कोण उपसतं, हा प्रश्न आमच्या कमिटीत एकालाही पडला नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी कड्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मी मान वर केली. देवाशपथ सांगतो, मला आधी कडा म्हणून काही दिसलाच नाही, वाटलं अर्ध्या आभाळाला अजून रात्रच आहे. मग हळूहळू त्या काळोखाला भेगा दिसायला लागल्या, गवताचे झुबके दिसायला लागले. आमच्याबरोबर मंडळाचे दोन गडी होते, घोषणा दिली की त्यांचा आवाज लालबागपासून माझगावपर्यंत जायचा. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि चपला सांभाळायला कोणीतरी हवंच असं ठरवून झाडाखाली बसकण मारली.

मामांनी दोन्ही तळहात खडकावर टेकले. बराच वेळ तसेच उभे राहिले. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या बापाच्या पाठीवर हात ठेवावा तसे. मग तीनदा टकटक. "धरतंय," म्हणाले. मला बजावलं, मी म्हणेन ते कर, मी म्हटलेलं नाही ते करू नको.

पहिल्या खोबणीत पाय घातला आणि अंगावर काटा आला. ती आतून गुळगुळीत होती, घरातल्या जुन्या पाट्यासारखी. किती पायांनी घासली असेल ती. मी हाताने चाचपत होतो तो दगड नव्हताच, माणसांच्या जाण्यायेण्याची झीज होती. वरून मामांचा आवाज येत होता, एका लयीत. नऊ, श्वास घे. दहा, डावा, नुसती बोटं. सतरा, मागे बघू नको. मागे बघू नको म्हटलं की बघावंसं वाटतंच. मी बघितलं. माझ्या पायाखालून एक घार गेली. पायाखालून. पुढच्या चार खोबण्या मी डोळे मिटून चढलो.

सव्वीस झाल्या. वारा सुटला होता, पाठीवरचा कलश खडकावर आपटत होता. समोर हाताला येईल अशी ऐसपैस खोबण दिसली. दोन्ही हात मावतील एवढी. मी हात उचलला.

"ती आमची नाही," वरून मामा म्हणाले.

ओरडले नाहीत, म्हणूनच माझा हात थांबला. ती खोबण मुद्दाम खोदलेली होती, न विचारता येणाऱ्यांसाठी. आतला दगड पोखरून ठेवलेला. भार पडला की माणसासकट सुटायचा. खरी सत्ताविसावी डावीकडे, एका बारीक डागाखाली, सांगितल्याशिवाय दिसणार नाही अशी. तिथवर माझा पाय पोचेना. मामा माझ्या बगलेला खाली उतरून आले, कड्याला चिकटून उभे राहिले आणि म्हणाले, खांद्यावर पाय दे. वडीलधाऱ्या माणसाच्या खांद्यावर पाय कसा द्यायचा, मी कचरलो.

"दे रे," ते म्हणाले, "खांद्याला सवय आहे."

मी पाय दिला. तो खांदा तसूभर हलला नाही.

माथ्यावर पाय टेकला तेव्हा ऊन वर आलं होतं. मी गुडघ्यांवर बसलो, उभं राहायची हिंमत होईना. चारी बाजूंनी डोंगर, त्यांच्या मागे डोंगर, आणि सगळे खाली. आपण एवढेसे, आणि हे सगळं आपल्याला विचारून झालेलं नाही, असं काहीतरी वाटलं. रडू आलं. मी गिरणीतला माणूस, मला आभाळ म्हणजे दोन चिमण्यांच्या मधला तुकडा. मामा तोवर पुढे गेले होते. टाक्याच्या काठावर उभे राहून आत बघत होते.

टाकं गाळाने काठोकाठ भरलं होतं. चार पावसांची माती, कुजलेला पाला, वर भेगाळलेला पापुद्रा. पाण्याचा टिपूस नाही. चार वर्षं कोणी उपसलंच नव्हतं. कोण उपसणार?

मामा काठावर बसले. म्हणाले, मी उपसणार नाही. रागाने म्हणाले नाहीत. भोंगा झाला, पाळी सुटली, असं सांगावं तसं सांगितलं.

माझ्या डोळ्यांपुढे उद्या सकाळचा मंडप आला. रिकामा कलश आला. आता एवढ्या वेळेपुरतं, मामा, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. ते बाहेर पडले नाहीत यात माझं मोठेपण काही नाही. मामांच्या खांद्यावर माझ्या पायाचा धुळीचा ठसा स्पष्ट दिसत होता. मी सदरा काढला आणि आत उतरलो.

मांडीपर्यंत रुतलो. उपसायला घमेलं नाही, काही नाही. मग पाठीवरचा तो पूजेचा कलश सोडला, आणि त्यानेच गाळ काढायला लागलो. ही गोष्ट मी मंडळात आजवर कोणाला सांगितलेली नाही, आज पहिल्यांदा सांगतो. मामा काठावरून सांगत होते. कोपऱ्यातून धर, मधला शेवटी. पूर्वेच्या भिंतीला झरा आहे, तिथे नख लावू नको, बोटाने खरवड. नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांनी जे हातांनी केलं होतं ते आता ते फक्त तोंडाने करत होते. दुपार झाली तेव्हा भिंतीच्या चिरेतून पाणी आलं. धाग्याएवढी धार. रिंग खात्यात सूत उतरतं तशी, न तुटता.

पाणी साठेपर्यंत आम्ही एका खडकाच्या सावलीला बसलो. मी विचारलं, मामा, तुम्ही आदल्या दिवशी वर यायचात, गाव दुसऱ्या दिवशी. मधे इथे चिटपाखरू नाही. मग प्यायला कोण अडवत होतं?

त्यांनी मान टाक्याकडे वळवली. मग म्हणाले, "तेच तर. कोणी बघत नव्हतं, तरी प्यालो नाही."

टाक्यात पाणी निवळलं. मी कलश खळखळून धुतला, भरला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान हलवली. हात आहेत मला, म्हणाले. काठावर वाकून तीनदा टकटक केली, ऐकलं, आणि ओंजळीने पाणी प्यायले. एक ओंजळ. दुसरी. तिसरी. हनुवटीवरून पाणी छातीवर ओघळत होतं, ते पुसत नव्हते. खाली जिथे त्यांच्या मेटाची घरं होती तिकडे बघत होते. कशी आहे चव, मी विचारलं. दगडाची, म्हणाले.

सगळं माहीत असून तुम्ही आलात कशाला, हे मी विचारल्याशिवाय राहिलो नाही. ते म्हणाले, "बघायचं होतं, खाली कोण उतरतं."

मी कलश पुन्हा भरायला घेतला तर त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळा गाळ, नखं भरलेली. असल्या हातांनी पूजेचं पाणी भरणार होय, म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. कलश त्यांनी भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि मी दमलो होतो म्हणून स्वतःच्याच पाठीला बांधला.

उतरताना वाट म्हणायचं काम त्यांनी मला दिलं. बावन्नपासून उलट. चुकलो की ते खालून दुरुस्त करायचे. सत्ताविसावीपाशी मी क्षणभर थांबलो.

"ती आपली नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, माहीत आहे. आजही जिना चढताना माझे ओठ हलतात आणि नातवंडं मला चिडवतात.

एक मेच्या सकाळी लालबागच्या नाक्यावर मामांनी कलश पाठीवरून सोडला आणि माझ्या हातात दिला. घे, म्हणाले, कमिटीचं तसं ठरलंय. आणि मी घेतला. दगड कळला, वाट कळली, पण एवढं साधं मला तेव्हाही जमलं नाही. मंडपात तोरणं, ताशा, गुलाल, नवे सदरे. मी पुढे, मामा मागे खांबापाशी. जॉबरनी कलश हातात घ्यायच्या आधी माझ्या कानाशी लागून हळूच विचारलं, की वाटेत भलत्या कोणाचा हात नाही ना लागला?

आता साचेखात्यात जन्म काढणाऱ्याला हळू बोलता येत नाही. तिथे शेजारच्यालाही ओरडून सांगावं लागतं. पण त्या दिवशी मी जे बोललो ते सवयीने नाही, ठरवून बोललो. म्हणालो, "लागला. टाकं मी उपसलं, म्हणून माझे हात घाणीने भरले होते. पाणी मामांनी भरलं, आणि गडावरून मामांनीच उतरवलं."

ताशा थांबला. जॉबरचा चेहरा उतरला. रांगेतल्या काही जणांना घरची कामं आठवली, ते निघून गेले. जाणारे दिसत होते, राहिलेले नुसते उभे होते, आणि कलश दोघांच्या मध्ये माझ्या हातात. मला कड्यावर वाटली नव्हती एवढी भीती तिथे वाटली. मग गर्दीतून आये पुढे आली. आमच्या मालवणीत लेकाला म्हणाली, "सर बाजूक. माका दी रे आधी. ह्याच हातान माका भितीवर खेचल्यान." आणि तिने ओंजळ पुढे केली. मी पाणी घातलं. ती प्यायली, ओला हात डोळ्यांना लावला. तिच्या मागे, बराच वेळ जमिनीकडे बघून झाल्यावर, जॉबरनी ओंजळ धरली. मग रांग सरकली. सगळी नाही. निम्मी असेल.

जॉबरनी स्वतः मामांना हाताला धरून वर आणलं आणि पाहुण्यांच्या बाकड्यावर बसा म्हणाले. मामा उभे राहिले. बोटांची पेरं वाकवली आणि फळीवर तीनदा टकटक केली. सगळा मंडप बघत होता, कोणी हसलं नाही. ते मान कलती करून ऐकत राहिले. नेहमीपेक्षा खूप वेळ.

"धरतंय," म्हणाले, आणि बसले.